बहरीन ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असूनही तिथलं तेल अमेरिकन कंपनीला कसं मिळालं?

कॅनडातल्या नोंदणीमुळे.

ब्रिटिशांनी बहरीनच्या शेखांकडून १९१४ मध्येच कबूल करून घेतलं होतं की आम्हाला विचारल्याशिवाय तेलाचा परवाना कुणाला द्यायचा नाही. पुढे न्यूझीलंडचा खाण अभियंता फ्रँक होम्स आला. त्याने आधी पाण्यासाठी विहिरी खणून दिल्या. गोडं पाणी लागलं, शेखांचा विश्वास बसला आणि १९२५ मध्ये परवाना त्याच्या सिंडिकेटला मिळाला. मोबदला ठरला रुपयांत, कारण आखातात तेव्हा आपलाच रुपया चालायचा.

लंडनमध्ये होम्सला भांडवल मिळेना. हक्क अमेरिकेच्या गल्फ ऑइलकडे गेले. पण जुन्या ऑटोमन (तुर्की साम्राज्याच्या) मुलखात करारातल्या भागीदार कंपन्यांनी, त्यांत गल्फही आली, एकट्याने तेल काढायचं नाही, या १९२८ च्या ‘रेड लाइन’ कराराने गल्फचे हात बांधले, म्हणून हे हक्क कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने घेतले. लंडन ‘कंपनी ब्रिटिशच हवी’ म्हणून अडून बसलं, वॉशिंग्टनने दबाव आणला. तोडगा असा निघाला: ‘बापको’ (बहरीन पेट्रोलियम कंपनी) ब्रिटिश साम्राज्यातल्या कॅनडात नोंदवायची, म्हणजे कागदोपत्री ब्रिटिश, पैसा अमेरिकन. १९३२ मध्ये बहरीनमधल्या जबल दुखान टेकडीपाशी तेल लागलं.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की जमीन शेखांची, पण घासाघीस चालली लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये.