चाळीस फुटी हौदाची हौस

प्रश्न : आर्णीजवळ शेतातच नवं घर बांधलं. तोंड पूर्वेला, पुढे ५० बाय ८० फूट मोकळी जागा, माती काळी. टीव्हीवरच्या विलायती बागांसारख्या झुडपांच्या भिंती घालून ‘खोल्या’ पाडाव्यात, मधोमध ४० बाय ६ फुटांचा हौद नि कारंजं असावं, असं मनात आहे. बोअर एप्रिलात दम सोडते. जमेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, खोल्या जमतील. हौदाचं गणित मात्र आधी करू. मे महिन्यात आपल्याकडे उघडं पाणी रोज सेंटिमीटरभर तरी उडतं. तुमच्या हौदातून म्हणजे दिवसाला सव्वादोनशे लिटर, अख्खा ड्रम! कारंज्याचे तुषार वारा नेईल ते वेगळेच. त्यापेक्षा १० बाय ३ फुटांचं, दीड फूट खोल टाकं बांधा. रोज दोन बादल्यांत भागेल.

पण खरी डोकेदुखी काळ्या मातीची आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते नि वरचं बांधकाम तडकवते. गवंडी म्हणेल, ‘सिमेंट वाढवू.’ ऐकू नका. टाक्याच्या तळाखाली तीनेक फूट माती काढा, चारी बाजूंनी फूटभर जास्तच. मग मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून भरा. तळात नि भिंतींत सळई हवीच.

आखणी मुख्य दाराच्या मध्यापासून. सरळ दोरी ताणा, चुन्याची फक्की मारा. टाकं त्याच रेषेवर, म्हणजे ओसरीतून थेट दिसेल. वाट चार फुटांची ठेवा, दोघं बरोबरीनं चालतील. बसायची खोली घराला लागूनच करा. दुपार कलली की घराचीच सावली तिथे येते. मांडवाचा खर्च वाचला.

भिंतींसाठी विलायती बॉक्सवूड मागवू नका, ४५ अंशात करपेल. कोयनेल लावा. पावसाळ्यात फुटाफुटावर काड्या खोचल्या की लागते, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. बसायच्या खोलीभोवती साडेचार फूट वाढू द्या, म्हणजे खुर्चीवरून पलीकडचं दिसत नाही. बाकी ठिकाणी गुडघ्याएवढी पुरे. कात्री मात्र सतत चालवावी लागेल, त्याला गडी आहे का ते आधी बघा.

डासांसाठी टाक्यात गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बरेचदा तिथे फुकट मिळतात.