केनियाची अर्थव्यवस्था दरवर्षी 5 टक्क्यांच्या आसपास वाढते असं वाचतो. तिथल्या सामान्य माणसाचं जगणं खरंच सुधारलंय का, की सगळं नैरोबीच्या टॉवरांपुरतंच आहे?

सुधारलंय, पण अर्धंच. गेल्या वीसेक वर्षांत सोयी लोकांच्या दारापर्यंत आल्या. मिळकत मात्र त्या वेगाने वाढली नाही. नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात एका पॅकेजिंग कंपनीत मी हिशेबाचं काम बघतो. कामगारांचे पगार, उचल, कपात हे सगळं माझ्या हातून जातं, आणि मला हा देश टॉवरांपेक्षा त्या पगारपत्रकातून जास्त कळला.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर मोठं आहे. 2003 साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांच्या सरकारने प्राथमिक शाळांची फी बंद केली आणि त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त मुलं नव्याने वर्गात आली. पुढच्या वर्षी किमानी मारुगे नावाच्या 84 वर्षांच्या आजोबांनी पहिलीत नाव घातलं, ती बातमी जगभर गेली. 2003 च्या आरोग्य पाहणीत हजारातली 115 मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. 2022 च्या पाहणीत हा आकडा 41 वर आला. माझ्या मते केनियाबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा झाला तर हा ठेवावा.

विजेचंही तसंच. 2015 मध्ये जोडणीचा खर्च 35,000 शिलिंगांवरून 15,000 वर आणला, तोही हप्त्याने भरायची सोय करून. आज चारातल्या साधारण तीन घरांत वीज आहे. त्यातली बरीचशी नायवाशाजवळच्या ओल्कारियाला जमिनीखालच्या वाफेवर तयार होते. वारा आणि पाणी धरलं तर जवळजवळ 90 टक्के वीज कोळसा-तेलाशिवायची. मीटर प्रीपेड. मोबाइलवरून पैसे भरायचे, वीस आकडी टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. 50-100 शिलिंगांची वीजसुद्धा विकत घेता येते, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला तेच परवडतं.

आता एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची आणि साठवायची सेवा. 2007 साली सुरू झालं, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. साध्या बटणांच्या फोनवर चालतं, इंटरनेट लागत नाही, बँकेत खातंही लागत नाही. पगाराच्या दिवशी आमच्या गोदामात काय होतं ते सांगतो. फोन वाजतो, पगार जमा होतो. मेसेज वाचून व्हायच्या आत मागच्या आठवड्यात घेतलेली फुलिझाची (एम-पेसावरच मिळणाऱ्या छोट्या कर्जाची) उचल आपोआप कापली जाते. मग माल चढवणारा एक सहकारी तिथेच पोत्यांवर बसून घरमालकाला भाडं पाठवतो, मुलाच्या शाळेच्या नंबरावर फीचा हप्ता भरतो, चामाची वर्गणी टाकतो (चामा म्हणजे थेट आपला बचत गट, भिशीही म्हणा), 200 शिलिंगांचं विजेचं टोकन घेतो आणि उरलेल्यातले काही किसीकडच्या गावी आईला धाडतो. आई गावातल्या एम-पेसाच्या हिरव्या पाटीच्या दुकानात जाऊन ओळखपत्र दाखवते आणि रोकड घेते. पूर्वी हेच पैसे पाकिटात घालून गावाकडच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचे आणि पोचले का याची वाट बघत बसायचं.

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं की एम-पेसामुळे सुमारे 1 लाख 94 हजार कुटुंबं अत्यंत गरिबीतून वर आली, आणि सर्वात जास्त फायदा बाईच्या जिवावर चालणाऱ्या घरांना झाला. मला ते पटतं, कारण आजारपण आलं की चार नातेवाईक चार ठिकाणांहून थोडेथोडे पाठवतात आणि घर सावरतं. पण नीट बघा, यात मिळकत वाढलेली नाही. आहे तेवढाच पैसा लवकर आणि सुखरूप पोचतो आहे.

मिळकतीची गोष्ट वेगळी. काम करणाऱ्या दहातले आठाहून जास्त लोक 'जुआ काली'त, म्हणजे असंघटित धंद्यात आहेत: वेल्डिंग, शिवणकाम, रस्त्यावरची विक्री, बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. आमच्याकडे पक्क्या पगारावर असलेला माणूस नशीबवान समजला जातो, आणि तोही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुकुरूच्या वस्तीतून कारखान्यापर्यंत चालत येतो, मटाटूचं म्हणजे खाजगी मिनीबसचं भाडं वाचवायला. पहाटे साडेपाच-सहाला या रस्त्यांवर माणसांची रांग चाललेली असते. पाऊस आला की मटाटूवाले भाडं वाढवतात, मग रांग आणखी मोठी. शेजारून 27 किलोमीटरचा टोलचा एक्सप्रेसवे जातो, 2022 मध्ये सुरू झालेला. विमानतळ गाठायला तो उत्तम आहे, मीही वापरतो. पण चालणाऱ्यांसाठी खाली धड पदपथसुद्धा नाही, याचा मला रोज राग येतो.

महागाई इथे मक्याच्या पिठात मोजतात. उगाली म्हणजे त्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, हे रोजचं जेवण, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी. 2022 मध्ये पिठाच्या दोन किलोच्या पाकिटाने 200 शिलिंग ओलांडले तेव्हा कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. सरकारी आकड्यांत गरिबीचं प्रमाण 2005-06 ला 47 टक्क्यांच्या जवळ होतं, 2015-16 ला 36 वर आलं आणि 2022 मध्ये पुन्हा 40 च्या घरात गेलं. म्हणजे अर्थव्यवस्था वाढत होती त्याच काळात गरिबीही पुन्हा वाढली. कोविड आणि दुष्काळ ही कारणं आहेतच.

तिसरं कारण कर्ज. मोम्बासा-नैरोबी रेल्वे 2017 ला सुरू झाली, चिनी कर्जावर. रस्त्याने दिवस खाणारा प्रवास पाच-सहा तासांवर आला. शिवाय सरकारने डॉलरमधले रोखे विकून घेतलेलं कर्ज. आज करातून येणाऱ्या पैशातला साधारण एक तृतीयांश नुसत्या व्याजात जातो. ते भरायला सरकारने 2024 च्या वित्त विधेयकात पावावर 16 टक्के व्हॅट आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या शुल्कावरचा कर 15 वरून 20 टक्के करायचं मांडलं. आईला पैसे पाठवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याच्याच खिशाला हात. विरोध झाल्यावर या दोन्ही गोष्टी गाळल्या, पण तोवर तरुण पोरं रस्त्यावर आली होती. 25 जूनला जमाव संसदेत घुसला, दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रुटोंनी विधेयक मागे घेतलं. त्या आंदोलनात पन्नासहून जास्त जीव गेले. बहुतेक पोरं फुकट प्राथमिक शिक्षणाच्या पिढीतली: शिकलेली, हातात फोन असलेली, नोकरी नसलेली.

आणि उत्तर केनिया तर वेगळाच देश वाटावा. मार्साबिटच्या माळावर 365 पवनचक्क्या फिरतात, पण ती वीज 400 किलोमीटरहून लांब तारेने दक्षिणेला सुसवाला जाते. इसिओलोपासून इथिओपियाच्या सीमेवरच्या मोयालेपर्यंत आता डांबरी रस्ता आहे. जिथे ट्रकवर बसून दोन-तीन दिवस लागायचे तिथे एका दिवसात पोचता येतं. पण 2020 पासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले, लाखो जनावरं मेली, आणि ज्याची गुरं गेली त्याची मिळकतच गेली. त्या भागात पैसा रस्त्यांइतकाच पाण्यावर आणि चाऱ्यावर जायला हवा होता, आणि अजूनही तो तसा जात नाही.