वाचलेल्या पुस्तकांवरच्या मतांची वही सुरू करताय? मग एवढंच बघा

पहिली चूक सगळेच करतात: कथानक उतरवून काढणं. ‘कोसला’ कादंबरीवर मी चार पानं लिहिली होती. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला गेला, गावी परतला... माझं मत? एक ओळही नाही! जिथे थांबलात, हसलात, वैतागलात, तो पान क्रमांक टिपा आणि खाली ‘का’ ते लिहा. बास.

पाककृतींचं पुस्तक न रांधता मत देऊ नका. ‘रुचिरा’त मापं वाटी-चमच्यांची आहेत, म्हणजे आधी एक वाटी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. मी मध्येच वाटी बदलली, शिरा घट्ट झाला आणि खापर फोडलं पुस्तकावर. किमान दोन पदार्थ करा. पानावर तुपाचा डाग पडला तर उत्तमच.

नाटक मात्र मोठ्याने वाचा, जमल्यास चौघांत. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खटला रंगतो तशी आरोपी बेणारे गप्प होत जाते. मनात वाचताना ती चक्क विसरायला होते. घरात कुणाला तरी बेणारे म्हणून नुसतं बसवून ठेवा, मग ती शांतता अंगावर येते. कंसातल्या रंगसूचनाही गाळू नका.

समीक्षेची जड पुस्तकं सध्या राहू द्या. आणि हो, मत बदललं तर जुनं खोडू नका, शेजारी तारीख टाकून नवं लिहा.