मेमरी ‘वाटून’ घेतात की ‘सामाईक’ वापरतात?

परवा नागपूरच्या बर्डीवर चहा पिता पिता एका ज्युनिअर मित्राने विचारलं, "दादा, मी कॉलेजच्या पोरांसाठी वेबअसेंब्लीवर मराठीत नोट्स लिहून राहिलो, त्यात एक वाक्य आहे, ‘रनटाइममधले सगळे थ्रेड एकच मेमरी वाटून घेतात’, हे चालेल का? आणि थ्रेडला धागा म्हणू का?" (वेबअसेंब्ली म्हणजे दुसऱ्या भाषांतल्या प्रोग्रामपासून बनवलेला, ब्राउझरमध्ये आणि बाहेरही चालणारा कोड, रनटाइम म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, आणि थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणाऱ्या कामांपैकी एक.) तेव्हा गडबडीत मी एवढंच म्हटलं की थ्रेड म्हण नाहीतर धागा म्हण, पण ‘वाटून’ नको लिहू. नीट उत्तर राहिलंच होतं, ते आता देतो.

थ्रेडचं आधी उरकतो. धागा चूक नाही, पण पोरं कोडमध्ये आणि एररमध्ये थ्रेड हाच शब्द वाचणार आहेत, मग नोट्समध्ये दुसरा शब्द देऊन त्यांना दोनदा शिकायला कशाला लावायचं. फक्त मराठी शब्दासारखा चालव त्याला. तो थ्रेड, आणि अनेकवचनही थ्रेडच, जसं एक दगड चार दगड, तसं एक थ्रेड चार थ्रेड. ‘थ्रेड्सना’ लिहायची काहीच गरज नाही, ‘थ्रेडना’ पुरतं.

आता ‘वाटून’. माझ्या मामाचं काटोलकडे वावर आहे. भावाभावांत वाटण्या झाल्या, मधे धुरे पडले, ज्याचं त्याचं वावर वेगळं झालं, पण विहीर एकच होती आणि ती कापून तर देता येत नाही, म्हणून ती सामाईक राहिली आणि ओलितासाठी पाळ्या ठरल्या. तिथे कोणीही, अगदी अंगठेबहाद्दर म्हातारासुद्धा, "विहीर वाटून घेतली" असं म्हणत नाही. वावर वाटलं, विहीर सामाईक. आपल्या भाषेत वाटणं म्हणजे तुकडे करणं, ज्याचा त्याला हिस्सा देणं, आणि एकदा वाटलं की तुझ्या हिश्शाशी माझा संबंध संपला. म्हणजे ‘मेमरी वाटून घेतात’ हे वाक्य वाचून पोरगा काय समजेल, तर 64 एमबी मेमरी आहे, चार थ्रेड आहेत, प्रत्येकाला 16 आली. नेमकं उलटं! तिथे चौघांनाही सगळीच्या सगळी मेमरी दिसते, एकाने लिहिलेला आकडा दुसरा वाचू शकतो आणि त्याच्यावर लिहूनही टाकू शकतो, सगळी कटकट तिथेच तर आहे.

गोंधळ कुठून येतो ते सांगतो. इंग्रजीतला शेअर हा एकटा शब्द आपल्याकडच्या तीन-चार वेगळ्या क्रियांचं काम करतो, आणि आपण तो जसाच्या तसा बोलण्यात घेतला म्हणून आपल्यालाही फरक दिसेनासा झाला. ‘काम शेअर केलं’ म्हणजे वाटून घेतलं. ‘फोटो शेअर कर’ म्हणजे प्रत पाठव, तुझ्याकडचा फोटो तुझ्याकडेच राहतो, मी माझ्या प्रतीवर मिशा काढल्या तर तुझ्या फोटोवर उमटत नाहीत. आणि ‘रूम शेअर करतो’ म्हणजे सामाईक. दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसवलेल्या वेबअसेंब्ली रनटाइममध्ये या सगळ्या क्रिया एकाच वेळी होत असतात, त्यामुळे तिथे नुसतं शेअर लिहिलं तर काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

वाझमटाइम या रनटाइमचंच घे, तू तोच वापरून राहिला ना. त्यात इंजिन (कोड कंपाइल करणारा भाग) आणि कंपाइल झालेलं मॉड्यूल (तयार कोडचा गठ्ठा) सगळ्या थ्रेडना एकदम वापरता येतं, कारण ते वाचायपुरतं असतं, भिंतीवरचं कॅलेंडर घरातले सगळेच बघतात तसं. याला सामाईक म्हणायला हरकत नाही. पण स्टोअर, म्हणजे मॉड्यूल चालताना त्याचा माल जिथे राहतो ती जागा, तसं नाही. स्टोअरमधलं फंक्शन चालवायचं तर त्या वेळेपुरतं ते अख्खं स्टोअर एकाच थ्रेडच्या हातात असावं लागतं, म्हणून साधारण पद्धत अशी की प्रत्येक थ्रेडला स्वतःचं स्टोअर आणि त्यात त्या मॉड्यूलचा स्वतःचा इन्स्टन्स, म्हणजे चालती प्रत. इथे मराठीतला ‘आपापला’ हा शब्द इतका चपखल बसतो की मला राहून राहून आनंद होतो. थ्रेड आपापल्या स्टोअरमध्ये, आपापल्या इन्स्टन्सवर चालतात. एक स्टोअर एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे नेता येतं, पण ते शेअर करणं नाहीच, ते ‘हवाली करणं’ आहे, दिलं की माझ्या हातून गेलं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी यासाठी सेंड असं वेगळं नावच ठेवलंय, आणि आपल्याकडे हवाली हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो वापर की.

मग खरंखुरं सामाईक काय, तर मेमरी, आणि तीही आपोआप नाही. 2019 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने वेबअसेंब्लीला प्रमाण म्हणून मान्यता दिली तेव्हा त्यात सामाईक मेमरी नव्हतीच, थ्रेडचा प्रस्ताव वेगळा चालला. त्यात मेमरी जाहीर करतानाच ती सामाईक आहे असं लिहावं लागतं, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते तशी, आणि जास्तीत जास्त किती वाढेल तेही आधीच सांगावं लागतं, म्हणजे 64 केबीचं एक पान धरून 1024 पानं सांगितली की 64 एमबी. हे बंधन यासाठी की चार थ्रेड वापरत असताना मेमरी मधेच उचलून दुसरीकडे हलवता येत नाही, जागा आधी राखून ठेवली की प्रश्न मिटला. ग्लोबल, म्हणजे मॉड्यूलभर वापरता येणारे व्हेरिएबल, मात्र प्रत्येक इन्स्टन्सचे आपापले राहतात, आणि ते बरंच आहे, कारण सी किंवा रस्टमधून बनवलेल्या मॉड्यूलचा स्टॅक पॉइंटर (थ्रेडची तात्पुरती कामाची जागा, म्हणजे स्टॅक, कुठवर भरली ते सांगणारा आकडा) अशाच एका ग्लोबलमध्ये असतो, तो सामाईक असता तर सगळे थ्रेड एकमेकांच्या स्टॅकवर चढले असते. स्टॅक त्या सामाईक मेमरीतच असतात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली. म्हणजे बघ, विहीर सामाईक पण दोर आपापला!

आणि नवा थ्रेड सुरू करणं हे त्या प्रस्तावात मुळी नाहीच, ते होस्टचं, म्हणजे ज्या प्रोग्रामच्या पोटात रनटाइम बसवलाय त्याचं काम. वासी-थ्रेड्स या त्यासाठीच्या वेगळ्या प्रस्तावात मॉड्यूल होस्टला थ्रेड-स्पॉन म्हणून विनंती करतं, मग होस्ट त्याच मॉड्यूलचा नवा इन्स्टन्स बनवतो आणि तीच मेमरी त्याला जोडून देतो. म्हणून ‘वेबअसेंब्ली थ्रेड बनवतं’ असं नको लिहू, ‘होस्टकडून थ्रेड मागून घेतं’ लिही.

सामाईक म्हटलं की पाळी आलीच. लॉकला (एकाचं काम होईतो दुसऱ्याला थांबवणाऱ्या सोयीला) कुलूप लिहिलेलं मी पाहिलंय, वाईट नाही, पण कुलूप म्हटलं की चोर आठवतो, आणि इथे चोर कोणीच नाही, सगळे घरचेच आहेत, फक्त एकाच वेळी मोटर लावायची नाही. पाळी शब्दात ते बरोबर येतं. थ्रेडच्या प्रस्तावात वेट (थांबणं) आणि नोटिफाय (थांबलेल्याला उठवणं) अशा दोन क्रिया आहेत. वेटला आपल्या नागपुरी बोलीत तयार रूप आहे, "थ्रेड थांबून राहिला", म्हणजे थांबलाय आणि अजून थांबलेलाच आहे, संपला नाही. पुण्याकडचा कोणी नाक मुरडेल कदाचित, पण पोरं नागपूरची आहेत, त्यांना पहिल्या वाचनात कळेल. आणि नोटिफायला सूचना, अधिसूचना असलं सरकारी काही नको, ‘हाक मारणं’ लिही, कारण खरंच तसंच आहे, ज्या पत्त्यावर थांबला त्याच पत्त्यावर हाक मारावी लागते, आणि हाक मारताना तिथे कोणी थांबलेलंच नसेल तर ती वाया जाते, नंतर येणाऱ्याला ऐकू येत नाही.

तर तुझ्या त्या एका वाक्याच्या जागी मी हे लिहीन: "थ्रेड काम वाटून घेतात, आपापल्या इन्स्टन्सवर चालतात, मेमरी मात्र सामाईक असते, म्हणून एकाच जागी लिहायचं असेल तर पाळी लावावी लागते, पाळी नसलेला थ्रेड थांबून राहतो आणि आधीचा मोकळा झाला की त्याला हाक मारतो." लांब झालंय थोडं, मधे तोडलं तरी चालेल, पण ‘वाटून’ फक्त कामालाच लाव.