उमेशू: वाईन नव्हे, मुरवलेले फळ

प्रश्न: ओसाकाला मुलाकडे राहत असताना आम्ही ‘प्लम वाईन’ असे छापलेली उमेशूची बाटली आणली आणि साशिमीबरोबर, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांबरोबर, घेतली. मासा बेचव लागला, पेय मात्र सरबतासारखे गोडमिट्ट. ती नेमकी कशाबरोबर घ्यावी?

उत्तर: आपली जीभ चुकलेली नाही, बाटलीवरच्या नावाने आपली दिशाभूल केली. वाईन म्हणजे फळाचा रस आंबवून केलेले मद्य, आणि उमेशूत रस आंबतच नाही. मे-जूनमध्ये उतरवलेली हिरवी, टणक उमे फळे खडीसाखरेसह शोचू या ऊर्ध्वपातनाने केलेल्या मद्यात मुरवली की उमेशू होते. फळालाही प्लम म्हणण्याचा प्रघात असला, तरी नात्याने ते जर्दाळूला अधिक जवळचे आहे. वाकायामा प्रांत या फळासाठी प्रसिद्ध असून ‘नांको’ ही तिथली नावाजलेली जात.

घरगुती प्रमाण साधारणतः १ किलो फळांना १.८ लिटर शोचू आणि अर्धा ते एक किलो खडीसाखर असे असते. फळे धुऊन, एकेक पुसून कोरडी करतात आणि देठाच्या खळगीत अडकलेले काळे बोंड टूथपिकच्या टोकाने अलगद उचकटून काढतात, कारण ते राहिले तर कडवटपणा उतरतो. खडीसाखरच का, तर ती सावकाश विरघळते: आधी मद्य फळात शिरते, आणि मग पाक दाट होत जाईल तसा तो फळातला रस व सुगंध बाहेर ओढतो. तीन महिन्यांनी ती पिता येते, पण वर्षभर थांबलेल्या बरणीची सर तिला नाही.

म्हणूनच वाईनचे नियम इथे लावू नयेत. उमेशूत साखर भरपूर आणि आंबटपणाही भरपूर. तेव्हा पदार्थ निवडण्याआधी ती किती पातळ करायची, हे ठरवावे. सोडा घालून हलकी केली की तिचा आंबटपणा पुढे येतो आणि तेंपुरा किंवा कारागे यांसारख्या तळणीचा तेलकटपणा घासागणिक धुऊन निघतो. नुसत्या बर्फावर घेतल्यास सोया सॉस आणि साखरेत तासन्‌तास शिजवलेले काकुनी हे डुकराचे मांस तिच्या तोडीस तोड ठरते. थंडीत गरम पाणी घालूनही ती पितात. तेव्हा मात्र सोबत काहीच नसावे, असे माझे मत. साशिमीला ती देऊच नये. उनागी, म्हणजे भाजलेला ईल मासा, आणि उमे एकत्र खाऊ नयेत अशी जपानमध्ये जुनी समजूत आहे. तिला शास्त्रीय आधार नाही.

तळाशी राहिलेली फळे टाकू नका. जेवणानंतर एखादे चघळावे. बियांपाशी बदामासारखा वास येतो.

प्रश्न: जपानमध्ये ती घरी करणे कायदेशीर आहे का?

उत्तर: होय, १९६२ पासून. मुरवण्यासाठी घेतलेले मद्य हे कर भरलेले आणि किमान २० टक्के अल्कोहोलचे असावे लागते, म्हणजे फळ बरणीत आंबत नाही. आणि केलेली उमेशू घरच्यांनीच प्यायची, विकायची नाही. द्राक्षे मात्र अशी मुरवता येत नाहीत.