जाहिरातीत गाजलेलं सिनेमाचं गाणं वापरलं, तर पैसे कुणाला द्यावे लागतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, की काकांचं जालन्यात कापडाचं दुकान आहे, लग्नसराईसाठी लोकल केबलवर आणि मोबाइलवर जाहिरात करायची आहे आणि टीव्हीवर मोठ्या कंपन्या टाकतात तसं एखादं हिट गाणं टाकायचा विचार आहे. कापडाचं दुकान, लग्नसराई आणि हिट गाणं! नेमकं माझ्या दुखण्यावर बोट ठेवलंत.

पैशाचं आधी उरकून टाकतो. सिनेमाच्या जुन्या गाण्यांचे हक्क बहुतेक करून म्युझिक कंपनीकडे असतात. निर्मात्यानं गीतकार-संगीतकाराला एकदा ठरलेली रक्कम द्यायची, हक्क आपल्याकडे ठेवायचे आणि पुढं कंपनीला द्यायचे, अशी रीत होती. १९७७ साली सुप्रीम कोर्टानंही निर्मात्यांच्याच बाजूनं निकाल दिला. २०१२ मध्ये कायदा बदलला, जावेद अख्तरांनी राज्यसभेत तो विषय लावून धरला होता, आणि तेव्हापासून रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कुणी लिहून घेतो म्हटलं तरी घेता येत नाही. गाणं एक असलं तरी हक्क दोन आहेत. शब्द-चालीचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. मूळ आवाजच पाहिजे असेल तर दोन्हींची परवानगी. दुसऱ्याकडून गाऊन घेतलं तर रेकॉर्डिंगची लागत नाही, शब्द-चालीची लागतेच. शब्द बदलले म्हणून सुटका होत नाही. हॉटेलात किंवा दुकानात गाणी वाजवायचं लायसन वेगळं, जाहिरातीचं वेगळं. आणि ‘३० सेकंदांपर्यंत फुकट’ असा नियम कायद्यात कुठंही नाही, ते व्हॉट्सॲपचं शास्त्र आहे. दर मागाल तर तो छापलेला नसतो. गाणं कोणतं, किती महिने, कुठं कुठं दाखवणार, यावर ठरतो.

आता माझं ऐका.

परभणीत स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत माझी रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला गादी. ऑटोवर भोंगा लावून फिरवायच्या अनाउन्समेंट, निवडणुकीची गाणी, बियाण्यांच्या जाहिराती आणि केबलवर सिनेमाच्या मधे लागणाऱ्या दुकानांच्या जाहिराती, हा धंदा. तेव्हा सेट-टॉप बॉक्स आले नव्हते. केबलवाला आपल्या चॅनलवर रात्री पिक्चर लावायचा आणि सगळं गाव तोच बघायचं. गिऱ्हाईक आणायचं काम दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या मालकांचं. रेकॉर्डिंग माझं.

तुळशीच्या लग्नाच्या आधी एक कापडवाले शेठ आले. त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं सिनेमाचं गाणं त्यांना पाहिजे होतं, शब्द बदलून, धृपदात दुकानाचं नाव घालून. म्हणाले, “पब्लिकच्या तोंडात जे आहे त्यातच आपलं नाव टाका.” दाजी लगेच म्हणाले, “करून टाकू, शेठ.” मी नको म्हटलं. कायदा-बियदा त्या काळात परभणीत कुणी विचारत नव्हतं, मीही त्यासाठी नको म्हटलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की हे गाणं पब्लिकच्या तोंडात आहे ते सिनेमामुळं, आणि तोंडात हिरोच राहणार, तुमचं दुकान नाही. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी गप्प बसलो आणि केलं.

दिवाळी झाली. केबलवर एका पिक्चरमधे तेच गाणं तीनदा वाजायला लागलं. एकदा शेठच्या शालूंसाठी, एकदा त्यांच्या समोरच्या दुकानासाठी आणि एकदा फाडफाड इंग्रजीच्या क्लाससाठी. माझी सख्खी मावशी जिंतूरहून पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आली, गाणं गुणगुणतच आली आणि समोरच्या दुकानात बस्ता बांधून गेली. वर मलाच म्हणते, “तुझी ऍड लई भारी झाली रे!”

मग शेठ पुन्हा आले, की काहीतरी आपलं स्वतःचं बनवा. मानवतकडच्या एका गोंधळ्याला मी बोलावून आणलं. संबळ कधी बंद खोलीत ऐकलंय का तुम्ही? पहिल्याच टिपरीला मशिनवरचे सगळे लाल दिवे लागले. माइक लांब नेला, तरी लाल. शेवटी त्याला बाहेरच्या जिन्यात बसवलं, माइक खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला आणि मधे ती गादी अर्धी वर केली. दिवसा लाइट नाही, रात्री लाइट आली की गल्लीतली कुत्री सुरू. पहाटे कधीतरी जमलं. शब्द माझेच, “मांडव पडला दारी गं, बस्ता बांधू चला,” आणि दुसरी ओळ वर चढत जाऊन दुकानाच्या नावावर संबळ थांबतं. नाव अगदी शांततेत येतं. ती थांबायची जागा मला सापडली तेव्हा गोंधळी स्वतःच म्हणाला, “आता बसलं.”

ही जाहिरात चालली. शाळेतली पोरं डबे वाजवत म्हणायची. बाया दुकानाचं नाव न घेता ‘ते संबळवालं’ म्हणायच्या आणि बरोबर त्याच पायऱ्या चढायच्या.

का चालली, यावर मी पुष्कळ डोकं घातलंय. आमच्याकडं लग्न झालं, की घरात गोंधळ घालतातच. संबळ वाजलं की लग्नघर आठवतं, त्यासाठी वेगळं सांगावं लागत नाही. कॅडबरीनं ‘पहली तारीख’वालं जुनं गाणं जाहिरातीत आणलं होतं, तिथंही हेच. पगार झाला, तोंड गोड करा. गाणं आणि माल आधीच एका जागी उभे होते. (ते गाणं १९५४ च्या ‘पहली तारीख’ सिनेमातलं, गायलंय किशोरकुमारनं, लिहिलंय कमर जलालाबादींनी आणि चाल आपल्या सुधीर फडक्यांची. रेडिओ सिलोनवर दर महिन्याच्या एक तारखेला लागायचं. बाबूजींनी हे केलंय हे निम्म्या मराठी माणसांना ठाऊक नसतं आणि सांगितलं तर पटत नाही.) उलट टायटनच्या घड्याळाची धून घ्या. ती मोझार्ट नावाच्या जुन्या युरोपियन संगीतकाराच्या पंचविसाव्या सिंफनीतली आहे. पण इथं मोझार्ट कुणाच्या कानावर होता? म्हणून ती टायटनचीच होऊन गेली. म्हणजे उसनं घ्यायचंच तर एक तर लोकांना न ओळखू येणारं घ्या, नाहीतर मालाशी ज्याची आधीच सोयरीक आहे असं घ्या. या वर्षीचं हिट गाणं यातलं काहीच नसतं. ते फक्त महाग असतं. काकांना हे जरूर वाचून दाखवा.

पुढच्या लग्नसराईत मी कामानिमित्त नांदेडला गेलो होतो. स्टँडच्या बाहेर एक ऑटो भोंगा लावून चाललेला, आणि त्यातून माझी चाल! शब्द दुसरे, गाव दुसरं, दुकान शेठच्या पाहुण्याचं. संबळसुद्धा खरं नव्हतं, कीबोर्डवरचं टकटक करणारं. पण दुसरी ओळ तशीच वर चढत होती आणि तशीच नावावर थांबत होती.

परभणीला येऊन तसाच शेठकडं गेलो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “पैसे दिले होते ना? मग गाणं आमचं झालं. शर्ट शिवला तर शिंपी परत मागतो का?” दाजी शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली. घरी जाताना मला म्हणतात, “चालीवर कुणाचं नाव कोरलेलं असतंय का रे? हवेत असती ती. ज्याला घावली त्याची.”

हे भांडण आजतागायत चालू आहे. बारसं असो की तेरवी, पंगत उठली की दाजी विषय काढतातच. तर दाजींसाठी आणि तुमच्यासाठीही सांगतो. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो. चहा पिऊन दिला जात नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता. माझ्याकडून शेठनी कागद घेतला नव्हता. मोबदला जाहिरातीचा दिला होता, चालीचा नाही. शिंपी शर्ट परत मागत नाही हे खरं, पण शेठ, तुम्ही शर्ट नेला नाहीत, शिंप्याचं माप नेलंत.

दाजींचा दुसरा मुद्दा असा, की तू तरी कुठून आणलीस, गोंधळ्याचीच ना? पहिल्या ओळीचा ठेका गोंधळाचाच आहे, मी कधी नाही म्हटलं? तो कुणा एकाचा नाही, उद्या तुम्हीही घ्या. दुसऱ्या ओळीची चढण आणि ती थांबायची जागा माझी आहे, आणि नांदेडवाल्यानं नेमकं तेवढंच उचललं. ठेका तर त्याला नीट वाजवताही आला नाही.

एकदा मी दाजींना नायकीचं उदाहरण दिलं. १९८७ साली त्या बुटाच्या कंपनीनं बीटल्स या इंग्लंडच्या बँडचं ‘रेव्होल्यूशन’ हे गाणं टीव्हीच्या जाहिरातीत वापरलं, मूळ रेकॉर्डिंगसकट. चोरून नव्हे, पैसे मोजून. पण शब्द-चालीचे हक्क तेव्हा मायकल जॅक्सनकडं होते, त्यानं १९८५ मध्ये तो सगळा साठाच ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतला होता. बीटल्सच्या कंपनीनं दीड कोटी डॉलरचा दावा लावला, पुढच्या वर्षी जाहिरात बंद झाली, नंतर तडजोड झाली. मला सांगायचं होतं, की एवढी मोठी माणसं चालीसाठी कोर्टात जातात. दाजी म्हणाले, “म्हणजे बनवणाऱ्याला न विचारता तिकडंही होतंयच की.” काय बोलणार! तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र यातच आहे. पैसे हक्क ज्याच्याकडं आहे त्याला मिळतात, गाणं ज्यानं केलं त्याला मिळतीलच असं नाही.

आता पोरं म्हणतात, गाणं नको, मोठ्या गायकाचा आवाज एआयवर काढून देतो. त्या फंदात अजिबात पडू नका. अमेरिकेत फोर्डनं बेट मिडलर या गायिकेला जाहिरातीत गायला विचारलं, तिनं नाही म्हटलं, तर तिच्याच मागं कोरसमधे गाणारीकडून हुबेहूब तसं गाऊन घेतलं. गाण्याची परवानगी होती, तरी १९८८ मध्ये कोर्ट तिच्या बाजूनं उभं राहिलं. आणि आपल्याकडं २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली.

काही गोष्टी आधी सांगायच्या राहिल्या. मी वकील नाही, रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारा. ‘जुनं गाणं आहे, हक्क संपला असेल’ हे अर्धंच खरं असतं. रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षांनी संपतो, पण शब्द-चालीचा करणारा गेल्यावर ६० वर्षं चालतो. ते ‘पहली तारीख’वालंच घ्या. रेकॉर्ड केव्हाच मोकळी झाली, पण फडके २००२ साली गेले, म्हणजे चाल २०६२ पर्यंत मोकळी नाही. वरातीत बँडवाल्यानं सिनेमाचं गाणं वाजवलं तर कायदा माफ करतो, त्यावरून जाहिरातीचा अंदाज बांधू नका. केबलवर तुम्हाला कदाचित कुणी विचारणारही नाही, पण यूट्यूबवर मशीनच गाणं ओळखतं आणि इन्स्टाग्रामच्या धंद्याच्या खात्याला हिट गाणी बहुतेक मिळतच नाहीत.

काकांना म्हणावं, जालन्यातलाच एखादा गोंधळी नाहीतर हलगीवाला गाठा. त्याची बिदागी रेकॉर्डिंगच्या आधी हातात द्या, नंतर बघू म्हणू नका. चाल बांधणाऱ्याकडून बॉन्डवर लिहून घ्या आणि त्यात दुसऱ्या गावातल्या दुकानाला ती चालेल की नाही हेही लिहा. शंभराचा बॉन्ड आता बंद झालाय, पाचशेचा घ्यावा लागतो. तेवढ्यासाठी कंजूषपणा करू नका.

आणि दाजी, तुम्ही हे वाचायलात हे मला माहीत आहे. काय म्हणायचं ते इथंच खाली लिहा, ताईला फोन करायला लावू नका.