सवलतीत चित्रपटाचा पहिला कोड घेण्याआधी

अमेरिकेत डिजिटल चित्रपटांचा संग्रह सुरू करणार असाल, तर पहिला कोड (ब्लू-रे डिस्कसोबत मिळणारा, ऑनलाइन भरला की चित्रपट खात्यात जमा करणारा) घेण्याआधी मूव्हीज एनीव्हेअर या वेगवेगळ्या दुकानांतले डिजिटल चित्रपट एकत्र आणणाऱ्या सेवेचे मोफत खाते उघडा आणि त्याला ॲपल व फँडँगो ॲट होम या डिजिटल चित्रपट विकणाऱ्यांकडची आपली खाती जोडून घ्या. डिस्ने, युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर ब्रदर्स यांचे बहुतेक चित्रपट मग एकदाच कोड भरला की जोडलेल्या सगळ्या खात्यांत दिसू लागतात. पॅरामाउंट आणि लायन्सगेट या व्यवस्थेत नाहीत, म्हणून त्यांचा कोड कोठे भरायचा हे आधीच ठरवा.

ब्लू-रेच्या डबीतली ती छोटी चिठ्ठी नीट वाचत चला. कोडच्या खाली बारीक अक्षरांत मुदत छापलेली असते, आणि कोड वेगळा विकू नये अशी अटही बहुधा तिथेच असते. म्हणूनच सुटे कोड शोधण्यापेक्षा सवलतीत मिळणारी कोडसकट डिस्क घेणे मला अधिक पटते. एकदा स्वस्तात मिळाले म्हणून मी एका विक्रेत्याकडून सहा सुटे कोड घेतले, त्यांतले दोन आधीच वापरलेले निघाले आणि पैसे बुडाले ते बुडालेच.

कोड हातात आला की त्याच दिवशी भरा. खाती जोडण्याचा आग्रह मी धरतो, कारण 31 जुलै 2019 रोजी अल्ट्राव्हायोलेट ही डिजिटल चित्रपटांची अशीच जुनी सेवा बंद झाली, तेव्हा ज्यांनी आपले खाते विक्रेत्यांच्या खात्यांशी जोडले होते त्यांचे बहुतेक चित्रपट तिथे शाबूत राहिले.